डीप रॉक गॅलॅक्टिक : गोळीबार की खाणकाम? मजा नेमकी कशात आहे?

खोलवर (धागाकर्ता)

चौघांनी मिळून किड्यांचे लोंढे मारायचे, असे गेम्स ढिगाने आहेत. त्यातले बरेचसे मी उत्साहाने सुरू करतो आणि थोड्याच दिवसांत सोडून देतो. डीप रॉक गॅलॅक्टिक मात्र सुटत नाही. का सुटत नाही यावर बराच विचार केला आणि जे हाती लागलं ते इथे मांडतोय. पटलं नाही तर खोडून काढा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा हा खेळ फेब्रुवारी २०१८ मधे अर्ली ॲक्सेसमधे आला आणि मे २०२० मधे पूर्ण स्वरूपात. हॉक्सेस नावाचा ग्रह, त्याच्या पोटात गुहाच गुहा, आणि एका नफेखोर कंपनीसाठी तिथे खनिजं काढायला उतरणारे चार दाढीवाले बुटके: स्काउट, गनर, इंजिनिअर, ड्रिलर. उतरायचं, सांगितलेला माल काढायचा, किड्यांना तोंड द्यायचं, आणि यान निघून जायच्या आत परत पोचायचं. गुहा दर वेळी नव्याने तयार होते आणि तिच्या भिंती, छत, जमीन, सगळं खणता येतं.

आता मुद्दा. गोळीबार चांगला आहे, पण केवळ तेवढ्यासाठी कुणी वर्षानुवर्षं खेळेल असा नाही. नुसतं खाणकाम म्हणाल तर कुदळीचे चार घाव मारले की झालं. दोन्हींना जोडतं ते एक लाल खनिज, नायट्रा. गोळ्या संपत आल्या की रसदीचा पॉड मागवायचा आणि त्याला ८० नायट्रा मोजायचं. ते वरून कोणी पाठवत नाही, तुम्हीच भिंतीतून काढायचं. पॉडला चार खण, एका खणातून निम्मा दारूगोळा भरून निघतो. म्हणजे गनर मिनीगनमधून जो पाऊस पाडतो, त्यातला बराचसा कुणीतरी मघाशी अंधारात लटकून खणून आणलेला असतो. नेम चुकवून उडवलेली प्रत्येक फैर कुणाच्या तरी कष्टाची असते. हे एकदा अंगात मुरलं की गोळी झाडायची पद्धतच बदलते.

दुसरं म्हणजे यात एकही पात्र पुरं नाही. स्काउट हुकाच्या दोरीने छताजवळच्या खनिजापर्यंत झेप घेऊ शकतो, पण तिथे उभं राहायला जागा नसते. दोन घाव मारले की खाली. इंजिनिअरकडे प्लॅटफॉर्म गन आहे, ती त्या खनिजाच्या बरोब्बर खाली एक फळी चिकटवते, पण तिथवर झटकन पोचायला त्याच्याकडे काही नाही. दोघं एकत्र आले की काम चुटकीसरशी होतं. कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. स्काउट वर बघतो, लेझरने खूण करतो, पुढच्या क्षणी फळी हजर. मला या एवढ्याशा गोष्टीत जो आनंद मिळतो तो शंभर किडे मारून मिळत नाही.

तुमचं मत काय?

---

निशाचर

अंधार राहिला की हो तुमच्या यादीत!

या गुहेत उजेड नावाची गोष्ट आयती मिळत नाही. प्रत्येकाकडे हाताने फेकायच्या थोड्या फ्लेअर असतात, त्या हळूहळू भरतात आणि टाकल्यावर थोड्या वेळात विझतात. मोठ्या दालनात शिरलं की त्या पुरत नाहीत. तिथे स्काउटची फ्लेअर गन. छतावर एक मारली की अख्खं दालन उजळतं आणि तेव्हा कळतं की आपण दरीच्या कडेवर उभे होतो.

मी कायम स्काउट खेळते. किडे मारण्यात माझा नंबर नेहमी शेवटचा. पण उजेड वेळेवर पडला नाही की बाकी तिघं आंधळ्यासारखे गोळ्या उधळतात, मग तुमचं ते नायट्रा कमी पडतं, मग सगळे मरतात. शेवटच्या आकडेवारीत उजेडाचा रकाना नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

---

गोळीबंद

धागाकर्त्याशी साफ असहमत. खाणकामच करायचं असतं तर माइनक्राफ्ट खेळलो असतो.

'गोळीबार चांगला आहे पण' हे वाक्य ज्यांनी हॅझर्ड ५ वर (हॅझर्ड म्हणजे अवघडपणाची पातळी) गनर खेळलेला नाही तेच लिहू शकतात. शत्रू कसे रचलेत बघा. साधा ग्रंट समोरून येतो. प्रीटोरियनला समोरून जाड कवच, मागचा भाग मऊ, म्हणजे एकाने त्याचं लक्ष वेधायचं आणि दुसऱ्याने मागून झोडायचं. एक्स्प्लोडर जवळ येऊन फुटतो, त्याला लांबूनच उडवला तर त्याच्याच भाऊबंदांना घेऊन जातो. वॉर्डन बाकीच्यांना संरक्षण देत बसतो, तो आधी शोधून मारायचा. गर्दी आली की नुसता ट्रिगर दाबून भागत नाही, कोणाला आधी हे ठरवावं लागतं.

शिवाय शस्त्रांचे ओव्हरक्लॉक, म्हणजे शस्त्राचं वागणं बदलणाऱ्या सुधारणा. काही ओव्हरक्लॉक एकच शस्त्र इतकं बदलतात की खेळायची पद्धत नव्याने शिकावी लागते. ड्रिलरने किडे गोठवायचे आणि बाकीच्यांनी ते फोडायचे, कारण गोठलेल्या किड्याला मार कितीतरी जास्त बसतो. हे सगळं गोळीबारातच येतं ना? खाणकाम म्हणजे दोन लढायांमधली विश्रांती, बास.

---

खोलवर

@गोळीबंद, एकाने लक्ष वेधायचं, दुसऱ्याने मागून मारायचं. एकाने गोठवायचं, दुसऱ्याने फोडायचं. तुम्ही माझाच मुद्दा बंदुकीच्या भाषेत सांगताय. :)

---

गोळीबंद

नाही. तुमचा मुद्दा लाल दगडाचा होता.

---

काजवा१९

यात केव्ह लीचचा उल्लेख हवाच. छताला चिकटलेला असतो, हलत नाही, तुम्ही वर न बघता खालून गेलात की सोंड टाकून उचलतो. उचलल्यावर तुम्ही स्वतः जवळपास काहीच करू शकत नाही, दुसऱ्याने येऊन सोडवायचं. जो एकटा पुढे पुढे धावतो त्याची लीचशी गाठ पडते, आणि मग तो ओरडत असताना बाकीचे तिघं दोन दालनं मागे असतात. 'एकत्र राहा' असा फलक लावण्यापेक्षा हा उपाय फारच भारी.

---

वाचनमात्र

धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न. माझ्या ओळखीत हा गेम कोणीच खेळत नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळण्यात अर्थ आहे का? आणि मला माइकवर बोलायला अजिबात आवडत नाही. बाकी ऑनलाइन नेमबाजीत जे कानावर पडतं त्यानंतर हेडफोन लावायचीही इच्छा राहिलेली नाही.

---

शेवटची_फ्लेअर

@वाचनमात्र, बिनधास्त या. मी जवळजवळ सगळा खेळ अनोळखी लोकांबरोबर आणि तोंड बंद ठेवून खेळलोय.

बोलायची गरज पडत नाही कारण लेझर पॉइंटर आहे. ज्या गोष्टीवर रोखाल तिचं नाव तुमचा बुटका स्वतःच मोठ्याने सांगतो. सोन्यावर रोखलं की 'वी आर रिच!' म्हणून नाचायचंच बाकी ठेवतो. शत्रूवर रोखलं की इशारा. आणि एक बटण फक्त 'रॉक अँड स्टोन!' अशी आरोळी ठोकायला. या आरोळीचा खेळावर काडीचा परिणाम होत नाही, पण आभार, सॉरी, चला निघू, वाचलो बुवा, सगळं त्या एका आरोळीत भागतं. कोणी तुम्हाला उठवलं, तुम्ही आरोळी दिली, त्याने उलट दिली. संपला विषय. भाषा वेगळी असलेल्या चार माणसांनी अर्धा तास एकत्र काम केलं आणि एकही शब्द टाइप केला नाही, असं नेहमी होतं.

पण लोक इथे चांगले वागतात ते काही मुळातच संत आहेत म्हणून नव्हे. मला वाटतं त्याचं कारण हिशेबात आहे. जे खनिज कोणीही मॉलीच्या पोटात टाकलं, ते चौघांच्याही खात्यात पूर्ण जमा होतं. (मॉली म्हणजे तो चार पायांचा माल वाहणारा यंत्रमानव, भिंतीवरून, छतावरून कुठूनही चालत येतो. वाचनमात्र यांच्यासाठी सांगतोय.) मी सोनं काढलं तर तुमचं नुकसान नाही. तुम्ही आधी किडा मारलात तर माझे गुण गेले असं नाही. ज्या खेळांत लूट वाटून घ्यायची असते तिथे सोबती हा अर्धा सोबती आणि अर्धा स्पर्धक असतो. इथे स्पर्धेला जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे चांगलं वागायला काही मोजावं लागत नाही आणि वाईट वागून काही मिळत नाही.

अपवाद एकच, रसदीचा पॉड. त्यात चार खण आहेत, पण एकाने दोन घेतले तर त्याला अडवणारं काही नाही. खरी परीक्षा तिथे होते.

---

निशाचर

+१. पॉडवरून मैत्री तुटलेली पाहिलीय.

(आणि पॉड वरून पडताना खाली कोणी उभं असेल तर त्याचा चेंदामेंदा होतो. माझाही झालाय. मागवणारा आरोळी देत होता.)

---

एकटा_जीव

फारच गोडगोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

अनोळखी लोकांबरोबर वाईट अनुभवही येतात. काल-परवाचीच गोष्ट, ठरलेला माल भरला, मॉलीवरचं परतीचं बटण मी 'थांबा' म्हणेपर्यंत एकाने दाबून टाकलं. दोन दालनं मागे सोन्याची मोठी शीर राहिली होती, एक सहकारी अजून तिकडेच खणत होता. बटण दाबलं की उलटी मोजणी सुरू, मग काही करता येत नाही. नंतर असाच एक ड्रिलर आपल्या सॅचेल चार्जने (स्फोटकांच्या पिशवीने) सगळ्यांना उडवून हसत बसला. आपल्याच माणसाची गोळी या खेळात लागते, स्फोटही लागतो.

आणखी एक. खेळ ज्याच्या मशीनवर चालू असतो तो यजमान निघून गेला की मोहीम सगळ्यांचीच संपते. दुसऱ्याकडे सूत्रं जात नाहीत. चाळीस मिनिटांच्या मोहिमेत शेवटी असं झालं तर काय वाटतं ते सांगायला नको.

म्हणून मी एकटाच खेळतो. सोबत बॉस्को नावाचा ड्रोन मिळतो. तो उजेड दाखवतो, लढतो, बोट दाखवाल ते उंचावरचं खनिज खणून देतो, पडलात तर उठवतो. किड्यांची संख्याही माणसांच्या प्रमाणात कमी होते. शांतपणे खणत बसतो. तुम्ही म्हणता त्या परस्परावलंबनाशिवायही मला हा खेळ आवडतो, मग आता तुमचा सिद्धांत काय म्हणतो?

---

खोलवर

@एकटा_जीव, आक्षेप रास्त आहे, टाळून पुढे जात नाही.

एकट्याने मीही खेळतो. पण बॉस्को काय काय करतो ते तुम्हीच लिहिलंत: उजेड स्काउटचा, उंचावरचं खणणं स्काउट आणि इंजिनिअरचं, लढायला चौथा हात, पडल्यावर उठवणं मित्राचं. ज्यांनी खेळ रचला त्यांना माहीत होतं की एकटा बुटका इथे लंगडा पडणार, म्हणून त्यांनी उरलेले तिघं एका ड्रोनमधे कोंबले. परस्परावलंबन तिथेही आहे, फक्त समोरचा कधी चिडत नाही आणि बटण आधी दाबत नाही.

फरक एवढाच की बॉस्कोने खनिज काढून दिलं तर मला बरं वाटतं, आणि अनोळखी माणसाने न सांगता फळी मारली तर मला आनंद होतो. यजमान गेल्यावर मोहीम संपते हे मात्र खरंच वाईट आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बटणाबद्दल: अनुभवी लोक दाबण्यापूर्वी मॉलीजवळ थांबून आरोळी देतात. तिघांच्या उलट आरोळ्या आल्या की दाबायचं. नियम कुठेही लिहिलेला नाही.

---

लय_तालिका

मला वाटतं सगळे जण जे सांगताय त्याच्या मुळाशी वेळेची मांडणी आहे. थोडं लांबण लावतो.

नुसत्या गोळीबाराच्या खेळाचा प्रश्न असा की चढ कायम ठेवता येत नाही. सतत गोंधळ असला की थोड्या वेळाने तो गोंधळ वाटेनासा होतो. २००८ च्या लेफ्ट फोर डेडने यावर डिरेक्टर नावाची यंत्रणा आणली होती. खेळाडूंवर किती ताण आलाय ते बघून ती झोंबी सोडायची आणि मधे मोकळीक द्यायची. पण त्या मोकळ्या वेळात करायचं काय? पुढे चालायचं, कपाटं उघडायची, औषधाचा डबा शोधायचा.

डीप रॉकने तो मोकळा वेळ कामाने भरला, आणि काम हाताला चाळा लावणारं आहे. कुदळीचा आवाज, दगड फुटायचा आवाज, खनिज पिशवीत पडताना होणारी किणकिण. चौघं चार कोपऱ्यांत पांगलेले, आपापल्या भिंतीशी. कोणी कोणाशी बोलत नाही. आणि मग मिशन कंट्रोलचा आवाज येतो की मोठा लोंढा येतोय. इथे मला सगळ्यात जास्त आवडणारी काही सेकंदं आहेत. किडे अजून दिसत नाहीत. सगळे कामं टाकून मॉलीच्या दिशेने धावत येतात. इंजिनिअर तोफा मांडतो, ड्रिलर भिंतीत एक बीळ करतो की पाठ झाकली जावी, गनर झिपलाइन टाकून ठेवतो, स्काउट छतावर उजेड लावतो. कोणीही हुकूम सोडलेला नसतो. गोळीबंद म्हणतात तसं खाणकाम ही विश्रांती असेलही, पण ज्या जागेत लढायचंय ती जागा याच विश्रांतीत घडवलेली असते. तुम्ही खणलेला खड्डा लढाईत तुमच्या पायाखाली येतो, तुम्ही पाडलेल्या भिंतीतून किडे आत शिरतात.

आणि शेवट. बटण दाबलं की मॉली एकटीच यानाकडे निघते. ती छतावरूनही चालते, तिला तुमची पर्वा नसते. मागे खुणेचे हिरवे दिवे टाकत जाते, ते धरून पळायचं. तोवर अर्धा तास जी गुहा आपण हळूहळू ओळखीची केली, ती एकदम उलटी होते. यायला उतार होता तिथे आता चढ. ज्या दरीत मजेत उडी मारली होती ती आता चढून जायची. घड्याळ चालू. ड्रिलर सरळ डोंगरातून बोगदा काढत नेतो, बाकीचे त्याच्या मागे. चौघांपैकी एक जरी यानात पोचला तरी मोहीम यशस्वी धरतात.

तर प्रश्न असा की तुम्ही यानाच्या दारात उभे आहात, एक गडी मागे आडवा पडलाय, अर्धा मिनिट उरलंय. परत जायचं काहीही कारण नाही. तरी लोक जातात. बहुतेक वेळा दोघंही मरतात आणि बाकीचे दारातून आरोळ्या देत असतात.

---

काजवा१९

डोरेटा! डोरेटाचं कोणी बोललंच नाही!

एस्कॉर्ट ड्यूटी या प्रकारच्या मोहिमेत डोरेटा नावाचं मोठं खोदयंत्र असतं, तिला हार्टस्टोन नावाच्या दगडापर्यंत सांभाळून न्यायचं. ती शेवटी मोडून पडते. तिचं डोकं मात्र उचलून यानापर्यंत नेता येतं. त्याचं बक्षीस काही नाही, आणि डोकं हातात असेल तर बंदूक चालवता येत नाही. एक माणूस डोकं घेऊन पळतोय आणि तिघं त्याला वाचवताहेत, हे मी जवळजवळ प्रत्येक वेळी बघितलंय. कोणीही 'टाक ते' म्हणत नाही.

---

गोळीबंद

लय_तालिका यांच्या प्रतिसादाला सलाम, पण मी हटणार नाही. लढाईची जागा खाणकामात घडते हे कबूल. तरीही जागा घडवायची कशासाठी? लढाईसाठीच.

पॉडचं मात्र बोलू. शेवटची_फ्लेअर म्हणतात एकाने दोन खण घेणं म्हणजे परीक्षा. हॅझर्ड ५ वर गनरच्या गोळ्या सगळ्यात आधी संपतात, कारण गर्दी तोच झेलतो. स्काउटकडे निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. अशा वेळी 'प्रत्येकाला एक' हा नियम पाळून सगळे मरायचं का? मी दोन घेतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

---

निशाचर

काय गैर ते मी सांगते. तुम्ही न विचारता घेता.

स्काउटला कमी लागतं हे खरं आहे. मी कित्येकदा माझा खण उघडून लेझरने दाखवते की हा गनरने घ्यावा. तो मी दिलेला असतो. तुम्ही आधीच दोन उपसून मोकळे झालात की मला द्यायला काही उरतच नाही. आणि ते ८० नायट्रा बहुतेक मीच छतावरून काढलेलं असतं.

---

गोळीबंद

विचारायला वेळ कुठे असतो, ताई?

---

निशाचर

आरोळीचं बटण दाबायला जेवढा लागतो तेवढा.

---

शेवटची_फ्लेअर

या वादावरून एक लक्षात आलं. प्रत्येकाच्या नावावर एकेक खण कुलूपबंद ठेवणं खेळ बनवणाऱ्यांना सहज जमलं असतं. तसं केलं असतं तर हा वादच झाला नसता, पण निशाचर यांना आपला वाटा गोळीबंद यांना देताही आला नसता. मी उघड्या पॉडच्या बाजूने आहे. त्यात एखादा हावरा भेटतो, चालायचंच.

(हावरा म्हणजे गोळीबंद नव्हेत. बहुतेक.)

---

दुसरी_बाजू

मी हेलडायव्हर्स २ मधून इकडे आलोय, म्हणून तुलना सुचली. तिथेही रसदीचा पॉड वरून पडतो, तिथेही चौघांचे चार वाटे. पण तो मागवायला काही खर्च नाही, फक्त ठरावीक वेळ थांबावं लागतं. त्यामुळे तिथे गोळ्या संपल्या की माणूस घड्याळाकडे बघतो, इथे भिंतीकडे. तो खेळ मला कमी आवडतो असं नाही, त्याचा थरार वेगळा. तिथे हसू येतं ते आपल्याच बॉम्बखाली आपण मेल्यावर. पण खोलवर म्हणतात ते 'कुणाच्या तरी कष्टाची गोळी' हे तिथे खरंच नाही.

---

कंटाळलेला_बुटका

सगळं छान, पण कोणीतरी म्हणायलाच हवं: काही काळाने तोचतोचपणा येतो. एक पात्र २५ व्या पातळीला नेलं की बढती, मग पुन्हा पहिल्या पातळीपासून. दर वेळी मॉर्काइट हे खनिज भरा, अंडी शोधा, पाइप जोडा. हवा तो ओव्हरक्लॉक कधी मिळेल याचा भरवसा नाही. गुहा नवीन असते म्हणतात, पण मला तरी आता सगळ्या गुहा ओळखीच्याच वाटतात.

---

खोलवर

@कंटाळलेला_बुटका, तोचतोचपणा आहे, नाकारत नाही. हॅझर्ड वाढवणं हा एक उपाय, दर आठवड्याचे डीप डाइव्ह हा दुसरा. तिथे एकामागोमाग तीन टप्पे असतात, आणि त्या आठवड्यात सगळ्या खेळाडूंना तीच गुहा मिळते. नायट्रा जपून वापरण्याची खरी किंमत तिथे कळते.

पण माझा खरा उपाय म्हणजे सोडून देणं. कंटाळा आला की बंद करायचं. या खेळात ते परवडतं, कारण तुम्ही नव्हतात म्हणून काही कायमचं हुकत नाही. सीझनमधल्या सजावटीच्या वस्तू नंतरही मिळवता येतात, आणि २०२४ मधल्या पाचव्या सीझनपासून तर मागचा कुठलाही सीझन निवडून खेळता येतो. पैसे देऊन मिळतात ते फक्त कपडे, टोप्या, दाढ्या, शस्त्रांचे रंग. विकत घेऊन कोणी जास्त बलवान होत नाही. रोज हजेरी लावायला लावणारे खेळ मी सोडले ते कायमचेच. इथे सहा महिन्यांनी आलो तरी चालतं.

---

कंटाळलेला_बुटका

हे पटलं. पण मग पाइप जोडायच्या मोहिमेचं समर्थन करून दाखवा.

---

लय_तालिका

पाइपवरून घसरगुंडीसारखं सरकत जाता येतं, आणखी काय पाहिजे?

---

वाचनमात्र

तुमच्या सगळ्यांच्या नादाने घेतला बरं का गेम! शिकवणीची मोहीम झाली. आता पात्र कुठलं घेऊ? स्काउटचा हुक बघून मोह होतोय.

---

गोळीबंद

गनर. जास्त मार देता येतो, आणि ढाल टाकून पडलेल्याला उठवता येतं. लगेच उपयोगी पडाल.

---

निशाचर

स्काउटचा मोह सगळ्यांनाच होतो आणि सगळेच दरीत पडतात. हुकाने वर जाता येतं, खाली कसं यायचं ते नंतर सुचतं. थोडे दिवस इंजिनिअर घ्या. तोफा तुमच्या वाट्याच्या थोड्या किड्यांना बघून घेतील आणि तुम्हाला खेळ बघायला उसंत मिळेल. कोणी उंचावर लेझरने खूण केली की तिथे खाली फळी मारायची, एवढं लक्षात ठेवा.

---

एकटा_जीव

पहिल्या दोन-तीन मोहिमा बॉस्कोबरोबर करा. कोणी घाई करत नाही.

---

शेवटची_फ्लेअर

हॅझर्ड २ वर साधी मायनिंग एक्सपिडिशन निवडा. लाल दिसलं की हातातलं काम सोडून आधी ते काढा आणि मॉलीत टाका, पिशवीत एका खनिजाची ४० ची मर्यादा असते. मॉली लांब असेल तर बोलवा, येते. वर बघत चला, लीच. लॉबीत पिंप दिसलं तर त्याला लाथ मारा.

---

वाचनमात्र

पिंपाला लाथ का?

---

काजवा१९

कारण काही नाही. मारा.

---

वाचनमात्र

इंजिनिअर घेतला. अनोळखी तिघांबरोबर एक मोहीम पूर्ण केली, हॅझर्ड २. स्काउटने तीनदा खूण केली, दोनदा फळी त्याच्या डोक्याच्या वर लागली. तिसरी बरोबर बसली तेव्हा त्याने आरोळी ठोकली. पॉडमधून एकच खण घेतला. फक्त उत्तर द्यायचं बटण कुठलं ते ऐन वेळी आठवलं नाही, कुठलं असतं ते?

---

निशाचर

कीबोर्डवर व्ही. आणि फळी मारताना नेम खनिजावर धरू नका, त्याच्या थोडा खाली धरा.